फुलीखाली काय होतं

मित्रांनो, तुम्ही मला अनेकदा पाहिलं असेल, पण वाचलं कधीच नसेल. मला वाचता येत नाही. वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरून धावत येतो, माझ्यापाशी अडखळतो आणि गालातल्या गालात हसून पुढे जातो. मी एक जुनी फुली आहे. छापखान्यातली, शिशाची, सहा टोकांची. त्यातलं एक टोक तुटकं. चारचौघांत म्हणू नये असा शब्द आला की त्याच्या जागी ज्यांना उभं करतात, त्यांतली मी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शिसं बधिर असतं. ठोकलं तर वाजत नाही, तापवलं तर कुरकुरत नाही. म्हणून माझ्या गोष्टीत ‘माझा ऊर भरून आला’, ‘माझ्या डोळ्यांत पाणी तरळलं’ असलं काही सापडणार नाही. जे झालं ते सांगते. बरं-वाईट वाटून घ्यायचं काम तुमच्याकडे.

माझा जन्म टाइप ओतायच्या कारखान्यात झाला. वितळलेलं शिसं, त्यात थोडं कथील, साच्यात एक पळी, की झाली फुली. क्षणभर लाल, मग राखाडी. ओतणारा कारागीर अक्षरांना भिंगाखाली धरून निरखायचा. कान्याची रेघ सरळ आहे का, वेलांटीची शेपटी नीट वळली आहे का, सगळं बघायचा. आमची पाळी आली तेव्हा म्हणाला, “फुल्यांना काय बघायचंय? यांना कोण बघतंय!” आणि आम्हांला कागदाच्या पुडीत बांधून एका लहानशा छापखान्यात पाठवून दिलं.

छापखान्यातल्या लाकडी खणांत प्रत्येक खिळ्याचं घर ठरलेलं असतं. खिळा म्हणजे आमच्यासारखा एकेक टाइप. कान्याचं घर अगदी हाताखाली, कारण काना सारखा लागतो; त्याच्या खणाच्या कडा बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या. आमचं घर वरच्या कोपऱ्यात. औषधाच्या जाहिरातीत तळटीप आली तर एखादीला बोलावणं यायचं. बाकी वेळ आम्ही पडून असायचो. पडून राहणं मला अवघड गेलं नाही.

खिळे जुळवायचं काम माई करायची. माई म्हणजे छापखान्याच्या मालकांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर दोन लेकरं घेऊन भावाकडे आली आणि स्वयंपाकघरात न रमता खणांपुढे उभी राहिली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायमची काळी. मूळ कागदावर नजर आणि हात खणांवर. खणाकडे बघायची तिला गरजच नव्हती. पण तिची एक खोड होती. ओळ तोंडाने म्हटल्याशिवाय तिला जुळवता यायची नाही. दवाखान्याची जाहिरात असो की सहकारी संस्थेचा अहवाल, माई तो चालीवर पुटपुटायची. “सभासदांनी-ई थकबाकी-ई त्वरित भरावी-ई...” लाकडी जाळीपलीकडे छापलेले कागद दुमडणाऱ्या बायका बसत. त्या म्हणायच्या, “माई, आज थकबाकीला चाल बरी लागली!”

मग एक दिवस मास्तर आले.

मास्तर शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. उशिरा लग्न झालेलं, बायको लवकर गेलेली. घरात ते आणि त्यांची लहान मुलगी. त्यांनी काखेतलं बाड मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालकांनी चार पानं चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

“मास्तर, तुम्ही व्याकरण शिकवायचात ना?”

“हो.”

“मग हे काय?”

“हेही व्याकरणच आहे. जरा जुनं.”

बाडात शृंगाराच्या जुन्या कविता होत्या. दोन-दोन ओळींच्या, कुणी केल्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून सांगू लागले. विणकरांनी केल्या, नावाड्यांनी केल्या, नवरा व्यापाराला गेलेल्या बायकांनी केल्या. एका राणीने त्या गोळा करवून घेतल्या. तिच्या बैठकीत त्या गायल्या जात, आणि सासऱ्यासमोर सुना, सुनांसमोर सासरे बसून ऐकत. कुणी मान खाली घालत नसे. ज्या कवींनी पुढे देवाची गाणी लिहिली, त्यांनीसुद्धा विरहाचे शब्द इथूनच उचलले.

“मग दिवस पालटले,” मास्तर म्हणाले. “नकला उतरवणाऱ्यांना लाज वाटायला लागली. पण ओळ गाळायची तर वहीचा हिशोब चुकतो. तेव्हा त्यांनी काय करावं? शब्दाची जागा कोरी सोडली आणि शेजारी लिहिलं, ‘इथे पान उंदराने खाल्ले आहे’. पान धडधाकट, मालक! एक भोक नाही. आणि उंदीर तरी किती चोखंदळ! मान खातो, पाठ खातो, घाम खातो, आणि नदीचं वर्णन तेवढं ठेवतो.”

मालक हसले नाहीत.

“मी गावोगाव हिंडून नकला गोळा केल्या. एकीत उंदराने खाल्लेलं दुसरीत सापडलं. आता सगळं अखंड आहे. आयुष्य गेलं माझं त्यात. एवढं छापून द्या.”

“मास्तर, शेजारच्या छापखान्याला एका नाटकापायी कुलूप लागलं, माहीत आहे ना? माझ्या पोटावर पाय आणू नका.”

मग मालकांनी लाल पेन्सिल काढली. “शंका येईल तिथे फुल्या घालू. अक्षरामागे एक फुली. पटत असेल तर बघा.”

मास्तर ग्लासभर पाणी प्यायले. “म्हणजे आता तुमचा उंदीर.”

“शिशाचा आहे,” मालक म्हणाले. “चावत नाही.”

दोघं बाडावर वाकले. मला सगळं ऐकू येत होतं.

“ओठ?”

“ओठ असू देत. ओठांनी माणूस जेवतोसुद्धा.”

“मान?”

“कुणाची?”

“तिची.”

“कशाला वळली आहे?”

“हाक मारली म्हणून.”

“कुणी मारली?”

मास्तर बाडाचा कोपरा सरळ करू लागले.

“फुली,” मालक म्हणाले आणि रेघ ओढली.

असं संध्याकाळपर्यंत चाललं. काही ठिकाणी मास्तर भांडले, काही ठिकाणी थकले. एका ओळीपाशी त्यांनी मालकांचा हातच धरला. “अहो, यात काय आहे? यात काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणता, मग माझ्या अंगावर काटा का आला?” मालक म्हणाले आणि ती ओळही अर्धी लाल झाली.

ती ओळ पुढे माझ्या वाट्याला आली. तिच्यात काय होतं ते आज मला ठाऊक आहे. पण आत्ताच सांगणार नाही. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगते.

बाड जुळवायला कुणाला द्यायचं, यावरून पुन्हा वाद झाला. “माईच्या हातात हे द्यायचं नाही,” असं मालकांनी जाहीर केलं. पण मास्तरांचं मुंगीसारखं अक्षर लागायचं फक्त माईलाच. ती खणांमागून म्हणाली, “का रे? माझी दोन लेकरं काय आभाळातून पडली होती?” मालकांचे कान लाल झाले. बाड माईकडे आलं.

माईची खोड काही गेली नाही. लाल रेघ असो की नसो, ती मुळातली ओळ अख्खी म्हणायची, मग बोटावर अक्षरं मोजायची आणि तितक्या फुल्या उचलून लावायची. आमचा कोपऱ्यातला खण भराभर उपसला जाऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही कान्याइतक्या लागत होतो. मला काही वाटलं नाही. एका शब्दावर उभं राहायचं, शाई लावून घ्यायची, कागदावर पडायचं, रॉकेलने धुऊन घ्यायचं, पुन्हा दुसऱ्या शब्दावर उभं राहायचं. पायाखाली कोण आहे ते विचारायची खिळ्याला सवय नसते.

मग ती ओळ आली. माईने ती म्हटली आणि हसली. खळखळून नाही, नाकातून, जुनी ओळखीची वस्तू अचानक दिसल्यावर हसावं तशी. तेवढ्यात बोटांची चिमटी ढिली झाली आणि मी फरशीवर पडले. माझं एक टोक तिथेच गेलं. माईने मला उचललं, फुंकर घातली, उजेडात धरलं.

“चालेल,” ती म्हणाली. “फुलीला कुठे दुखतंय!”

खरंच दुखलं नव्हतं. तिने मला जुळवलं. पानावर ओळी उमटल्या त्या अशा:

घट्ट नको घालू वेणी, घाल जरा सैल गं
 ✱✱✱✱ ✱✱✱ मग उशीर होईल गं

दुसऱ्या घोळक्यातली पहिली ती मी. नीट निरखलंत तर पाचच टोकं दिसतील.

“माई, परत म्हण की!” जाळीपलीकडून आवाज आला.

“काय?”

“ते वेणीचं.”

“कागद दुमडा गपचूप,” माई म्हणाली. आणि परत म्हटलं. या वेळी जरा मोठ्याने, आणि चालीवर. बायकांच्या हातातल्या हाडाच्या पट्ट्या कागदाच्या घडीवरून फिरत होत्या, त्यांची सर्र-सर्र त्या चालीला लागली. दुपारपर्यंत सगळ्या जणी ते गुणगुणत होत्या. मालक आत येऊन म्हणाले, “चांगलं आहे गाणं. कुठलं?” बायकांनी तोंडाला पदर लावले.

पुस्तक निघालं. पहिले काही महिने गठ्ठे पडून होते. मग कुणीतरी कुणाला तरी त्यातल्या फुल्या दाखवल्या, आणि दुकानांत लोक येऊ लागले. पुस्तकाचं नाव कुणी घेत नसे. “ते फुल्यांचं आहे का हो?” असं विचारत. पुस्तक घेतल्यावर पेन्सिलही घेत. बांधणी सुटलेल्या प्रती आमच्याकडे परत यायच्या, तेव्हा माई पानं उलटायची आणि तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. आमच्या डोक्यावर लोकांनी आपापले शब्द लिहून ठेवलेले असत. ते मी इथे सांगत नाही. इतकंच सांगते, त्या विणकरांना आणि नावाड्यांना ते सुचले नसते.

कौतुकही झालं बरं का. नाटकवाल्यांनी ओळी उचलल्या, गाणाऱ्यांनी उचलल्या. प्रेमात पडलेली पोरं चिठ्ठीच्या शेवटी दोन ओळी आणि चार फुल्या काढायला लागली. एका गृहस्थांनी सभेत पुस्तकावर आगपाखड केली, आणि आगपाखड करता करता निम्मं पुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवलं. सभेला अशी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती.

मास्तरांना मात्र गावाने नवं नाव दिलं. फुल्यामास्तर.

एकदा ते न्हाव्याकडे बसले असताना कुणीतरी विचारलं, “मास्तर, त्या वेणीच्या ओळीत काय आहे हो? आम्हांला तरी सांगा.” मास्तरांनी खरा शब्द सांगितला. दुकानभर हशा पिकला. “लाजताय मास्तर! एवढं साधं असतं तर फुल्या कशाला घातल्या असत्या?” हे मास्तरांनी स्वतः माईला येऊन सांगितलं. पुढे म्हणाले, “खरं सांगितलं तरी आता ते झाकल्यासारखं वाटतं, माई.” त्यानंतर ते कुणाला सांगायच्या फंदात पडले नाहीत.

घरी बाड होतं. ते दाखवता आलं असतं. पण माळ्यावरची पेटी उघडली तेव्हा खाली भुसा आणि वर चार कोपरे. या वेळी उंदराने खरंच खाल्लं होतं.

आणि त्यांची लेक. शाळेत तिच्या बाकावर पोरं खडूने फुल्या काढून ठेवत. ती येताना दिसली की म्हणत, “आली, फुल्यामास्तरची फुली आली!” ती घरी येऊन म्हणाली, “बाबा, त्या फुल्यांखाली काय आहे?” मास्तर म्हणाले, “मोठी झालीस की सांगेन.”

मास्तरांनी हे येऊन सांगितलं तेव्हा माईने कपाळावर हात मारला. काळा ठसा उमटला. “अहो, सांगून टाकायचं की! त्यात होतं काय?”

“त्यात काही नव्हतं, हेच तिला कसं सांगू?”

“तसंच.”

मास्तर मान हलवून निघून गेले. सांगितलं नाही. मुलगी मोठी झाली, पण तोवर तिने विचारणं सोडून दिलं होतं.

या सगळ्यात एकच दिवस वेगळा गेला. मास्तर जवळजवळ धावतच आत आले. यंत्र चालू होतं, खडखडाट होता. ते माईच्या कानाशी वाकून काही बोलले. माईने जुळवत असलेली ओळ खाली ठेवली. यंत्राच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही; एवढंच दिसलं की मास्तर हसत होते आणि माईने काळ्याच हाताने त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली.

मग वर्षं गेली. ती कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. धूळ बसली, आणखी बसली. मास्तरांच्या मुलीचं एका ठिकाणी लग्न ठरत आलं होतं. त्या घरातला कुणीतरी जिना उतरताना म्हणाला, “हेच ना ते फुल्यावाले?” आणि पुढे निरोप आला नाही. मुलीने एका दूरच्या शहरात औषधाच्या दुकानात नोकरी धरली आणि निघून गेली. इकडे छापखान्यात संगणक आला. जाळी काढली, दुमडणाऱ्या बायका गेल्या, यंत्र भंगारात गेलं. मालक गेले. त्यांचा मुलगा मोठमोठे रंगीत फलक छापू लागला. आमचे खण भिंतीला लागून राहिले. माईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी ती रोज येऊन खणांपाशी स्टुलावर बसायची. एक दिवस मुलगा म्हणाला, “माईआत्या, उद्या खिळे वितळवायला न्यायला येताहेत.” माई म्हणाली, “ने. किती दिवस बसवून ठेवणार त्यांना.” वितळायला मी तयार होते. साच्यातून आले होते, कढईत जाईन, यापलीकडे काही मनात आलं नाही.

त्याच दुपारी एक बाई दारात आली. केस कानशिलांवर पांढरे, हातात औषधांची पिशवी आणि एक जुनं पुस्तक.

“माई, मी फुल्यामास्तरांची मुलगी.”

माईने आवाजाच्या दिशेला तोंड केलं. “मास्तरांची म्हण. ये, बस.”

ती बसली नाही. “बाबांची वाचा गेली. अर्धं अंग लुळं पडलंय. दोन आठवडे झाले, मी येऊन राहिले आहे. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत.” ती थांबली. “ते सारखं या पुस्तकाकडे बोट करतात. मी हे कधी उघडलं नाही. जन्मात नाही. दुकानात दिसलं तर रस्ता बदलायचे मी.”

“मग आज कशाला आणलंस?”

“तुम्ही जुळवलंत ना हे? मग तुम्हांला माहीत असेल. या फुल्यांखाली काय होतं?” तिचा आवाज चढला. “मी त्यांना चमच्याने पाणी पाजते, माई. तोंड पुसते, कूस बदलते. आणि मनात तेच. हा माणूस घाणेरडा होता का? असेल तर असू दे, मी तरीही करीन. पण मला कळू दे. ते आता सांगू शकत नाहीत, आणि सांगू शकत होते तेव्हा मी विचारलं नाही.”

पलीकडे फलकांचं यंत्र गुरगुरत होतं. माई पदराने हात पुसत राहिली. हात पूर्वीसारखे काळे नव्हते, तरी पुसत राहिली.

“मला दिसत नाही,” ती म्हणाली. “तूच वाच. जिथे पाचच टोकांची फुली पहिल्यांदा दिसेल ते पान काढ.”

मुलीने पानं उलटली. पहिल्यांदा उलटत होती म्हणून चिकटलेली पानं नखाने सोडवावी लागली. शेवटी थांबली.

“मोठ्याने वाच.”

ती वाचू लागली. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशी, कोरडी.

“घट्ट नको घालू वेणी, घाल जरा सैल गं...”

आणि थांबलीच नाही. डोळे फुल्यांवर होते, पण तोंड पुढे गेलं.

“सोडणाऱ्या बोटांना मग उशीर होईल गं.”

पुस्तक तिच्या हातात तसंच राहिलं. ती फुल्यांकडे बघत होती. सो-ड-णा-ऱ्या. चार. बो-टां-ना. तीन. तिने नख लावून मोजलं.

“हे तर...” ती म्हणाली. “हे तर दोरीवरच्या उड्यांचं गाणं आहे!”

“तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. सगळ्याच म्हणायच्या. आमच्या गल्लीतल्या पोरी... त्यांच्या आया इथे कागद दुमडायला यायच्या. एक ओळ म्हणायची आणि ‘उशीर’ला दोन उड्या घ्यायच्या.” ती खाली बसली, स्टूल नव्हतं तरी, फरशीवरच. “एवढंच? माई, एवढंच होतं?”

“एवढंच. वेणी घट्ट घातलीस तर घरी येणाऱ्याला सोडायला वेळ लागेल. कुणीतरी बाई मैत्रिणीला म्हणाली असेल, हजार वर्षांपूर्वी. सगळ्या फुल्यांखाली असलंच. मान वळली, घाम आला, पायातलं वाजलं. माणसं एकमेकांना हवी होती, बस्स.”

“मग बाबा बोलले का नाहीत?”

“भित्रा होता तुझा बाप. तुझ्यापुरता भित्रा.” माईने हात पुढे केला, मुलीचं डोकं सापडेपर्यंत चाचपडला. “एकदा धावत आला होता इथे. म्हणाला, ‘माई, आत्ता माझ्या खिडकीखाली माझी लेक दोरीवर उड्या मारतेय आणि तीच ओळ म्हणतेय. पुरी! एकही फुली नाही! मी पडद्याआड उभा राहून ऐकलं. छापून जे झालं नाही, ते बायांनी केलं.’ मी त्याला चापट मारली. म्हटलं, ‘मग जा की, सांग तिला.’ म्हणाला, ‘सांगितलं तर ती म्हणायची थांबेल.’”

मुलीने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

माई उठली. कोपऱ्यातल्या खणात हात घातला आणि बोटांनी चाळू लागली. एकेक फुली उचलायची, अंगठा फिरवायची, टाकायची. माझ्यावर अंगठा आला आणि थांबला. “ही. माझ्या हातून पडलेली.” तिने मला मुलीच्या तळहातावर ठेवलं. “हिला घेऊन जा. बाकीच्या वितळू देत.”

मुलीने मूठ मिटली आणि घराकडे चालू लागली. पिशवीत औषधं, मुठीत मी. मूठ घट्ट होती आणि रस्ता लांब होता. घरी तिने मूठ उघडली तेव्हा मी गरम झालेली होते. मला ते जाणवलं असं मी म्हणणार नाही. तिने मला गालाला लावून पाहिलं, म्हणून कळलं.

मास्तर उताणे पडलेले होते. डोळे छताकडे. तिने पुस्तक उशाशी ठेवलं, मला पुस्तकावर ठेवलं, आणि खाटेच्या कडेवर बसून उड्यांच्या चालीवर म्हणू लागली, पुरी ओळ. ‘उशीर’पाशी दोन ठेके.

मास्तरांच्या डाव्या हाताची बोटं पांघरुणावर पडलेली होती. तेवढाच हात चालत होता. दुसऱ्यांदा म्हटल्यावर तिथे ठेका पडला. हलकाच. ‘उशीर’पाशी दोनदा. तिने तिसऱ्यांदा म्हटलं. बोटांनी साथ दिली. मग ती थांबली तरी बोटं थांबली नाहीत. दोरी अजून फिरत असावी तशी ती चालत राहिली, आणि पडद्याआड उभं राहण्याची आता गरज नव्हती.

त्यानंतर मास्तर काही दिवस होते. मग नव्हते.

मी आता त्या मुलीच्या फणीच्या डबीत असते. बाकीच्या फुल्या कढईत गेल्या. त्यांचं काय झालं ते ठाऊक नाही. सकाळी डबी उघडते, फणी बाहेर जाते, उजेड येतो. ती वेणी घालताना कधी गुणगुणते, कधी नाही.

पडल्या पडल्या मी एक गोष्ट जुळवून पाहिली आहे. ज्या शब्दावर मला उभं केलं होतं, तो होता बोटं. ओतणाऱ्याच्या बोटांतून मी आले, माईच्या बोटांत राहिले, तिच्याच बोटांतून पडले. जन्मभर जिथे होते तेच झाकून उभी होते. बधिर नसते तर तेव्हाच कळलं असतं.

मित्रांनो, तुम्ही बधिर नाही. म्हणून एकच मागणं आहे. एखाद्या पानावर, एखाद्या माणसावर कुणी फुल्या मारलेल्या दिसल्या, तर लगेच पेन्सिल काढू नका. आधी त्याच्याजवळ बसा. ओळ सुरुवातीपासून मोठ्याने म्हणा. पुढचा शब्द कदाचित तुमच्याच तोंडात असेल. आणि तुम्हांला कुणी विचारलं, ‘यात काय आहे?’, तर ‘मोठी झालीस की’ म्हणू नका. सांगून टाका. उशीर होईल.